गव्हावाचून पक्वान्न : ग्रीष्मातील भाजलेले केळे आणि आपला पथ्यविचार

चैत्र सरता सरता आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येतो : "गहू बंद आहे; मग उन्हाळ्यात गोड म्हणून काय खावे?" हा प्रश्न विचारणारे रुग्ण दोन प्रकारचे असतात. एकास अंत्रविकारतज्ज्ञाने तपासणीअंती सीलिअॅक रोगाचे निदान करून गहू आजन्म वर्ज्य सांगितलेला असतो. दुसऱ्याने शेजारी, वर्तमानपत्र किंवा व्यायामशाळेतील मित्र यांच्या सांगण्यावरून गहू सोडलेला असतो. दोघांचे शब्द तेच असले तरी दोघांचा प्रश्न एक नव्हे. या दोघांना आपण एकच उत्तर देतो, आणि त्यामुळे पहिल्याचे हित धोक्यात येते व दुसऱ्याचा भ्रम दृढ होतो, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही एका साध्या पदार्थाचा आधार घेत आहोत : निखाऱ्यावर किंवा लोखंडी जाळीवर भाजलेले फळ.

हा पदार्थ सध्या उपाहारगृहांच्या यादीत आणि पाककृतींच्या पानांत "ग्लूटेनमुक्त" या विशेषणासह मिरवतो. अननस, केळे किंवा आंबा जाळीवर भाजावा, भाजतानाच त्यावर मध माखावा, आणि गरम असतानाच वर आइस्क्रीमचा गोळा ठेवून वाढावा, असा त्याचा सर्वसाधारण विधी. त्यात गहू नाही हे खरे. परंतु गहू नाही एवढ्यावरून पदार्थ पथ्यकर ठरत नाही. "ग्लूटेनमुक्त" हा शब्द पदार्थात काय नाही एवढेच सांगतो. काय आहे, ते कसे संस्कारित झाले, कशाच्या संयोगाने, कोणत्या ऋतूत आणि कोणी खाल्ले, याविषयी तो मौन पाळतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराची परीक्षा प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशा आठ अंगांनी करावयास सांगितली आहे. बाजारातील एका शब्दासाठी ही आठ अंगे आपण विसरावीत, हे वैद्यास शोभणारे नाही.

प्रथम इतिहासाकडे पाहू, कारण केळे आणि सीलिअॅक रोग यांचा संबंध बोधप्रद आहे. या रोगाचे आधुनिक वर्णन लंडन येथील सॅम्युएल जी यांनी १८८८ साली केले. हा रोग बरा होणार असेल तर आहारानेच, इतके त्यांनी जाणले होते. अपराधी कोण हे मात्र त्यांस उमगले नव्हते. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी अशा क्षीण, अतिसारग्रस्त बालकांस मुख्यत्वे पिकलेल्या केळ्यांवर ठेवण्याचा उपक्रम प्रसिद्ध केला. बालके सुधारली. केळ्यांची कीर्ती झाली आणि ती कित्येक वर्षे टिकली. परंतु हास यांच्या आहारात पाव, बिस्किटे आणि सर्व धान्ये वर्ज्य होती. गुण केळ्याने आला असे मानले गेले. वस्तुतः तो गव्हाच्या त्यागाने आला होता. त्यामुळे "बरे झालो" असे समजून ज्या मुलांनी पुन्हा पाव खाण्यास प्रारंभ केला, त्यांचा रोग परतला.

खरा अपराधी दाखवून दिला तो हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गव्हाविषयीचा त्यांचा संशय १९३० नंतरच्या दशकातला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव दुर्मीळ झाला. इतर मुले उपासमारीने खंगत असता सीलिअॅक रोगाची मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती परत आजारी पडली. पुढे रीतसर अभ्यास करून १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी, हे जे सूत्र आपण प्रथम वर्षापासून घोकतो, त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. काय दिले यापेक्षा काय टाळले याने रोगी वाचला.

या घटनेतून आपण घ्यावयाचा धडा असा : संस्काराला मर्यादा असते. अग्निसंस्काराने द्रव्याचे गुण बदलतात हे आपले शास्त्र सांगते आणि ते खरेच आहे. साळीच्या लाह्या भातापेक्षा लघू होतात, भाजलेले केळे कच्च्यापेक्षा सुपाच्य होते. म्हणून काही वैद्यबंधू सीलिअॅकच्या रुग्णासही "रवा तुपात खरपूस भाजून घ्या, म्हणजे बाधणार नाही", किंवा "अग्नी दीप्त झाला की थोडा गहू चालेल" असे सांगतात. हा सल्ला घातक आहे. भाजल्याने, आंबवल्याने वा तुपाच्या संस्काराने गव्हातील ग्लूटेन या रुग्णासाठी निर्दोष होत नाही. या रोगात ग्लूटेनच्या संपर्काने शरीराची प्रतिकारयंत्रणा लघ्वंत्राच्या अंतस्त्वचेवरच उलटते. तेथील केसरांकुर झिजून सपाट होतात व अन्नरसाचे शोषण खुंटते. लक्षणे दिसोत वा न दिसोत, अल्प मात्रेनेही ही हानी चालू राहू शकते. लक्षणसाम्यावरून याची तुलना ग्रहणीदोषाशी करता येईल. परंतु तुलना म्हणजे ऐक्य नव्हे. ग्रहणीत अग्नी सुधारल्यावर आहार क्रमाने वाढवितात. येथे गव्हापुरता तो क्रम लागू नाही.

खपली गव्हाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. "संकरित गहू वाईट, खपली चांगला" असा प्रचार आपल्याकडे जोरात आहे. खपली हे जुने, सकस धान्य आहे. निरोगी मनुष्याने ते अवश्य खावे. परंतु त्यातही ग्लूटेन आहे, आणि सीलिअॅकच्या रुग्णास ते इतर गव्हाइतकेच वर्ज्य आहे. तसेच चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात गव्हाला जो संधानकर गुण सांगितला आहे, त्याचा संबंध कणकेच्या चिकटपणाशी जोडून "ग्लूटेन आमच्या ग्रंथांत आहेच" असे म्हणण्याचा मोह आवरावा. तो गुण भग्नसंधानाच्या अर्थाने आला आहे. ओढूनताणून केलेल्या अशा समीकरणांनी शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णासंबंधी आमचे म्हणणे निराळे आहे. ज्यास पोट फुगणे, सुस्ती अशी मोघम लक्षणे आहेत आणि ज्याने केवळ ऐकीव माहितीवरून गहू सोडला आहे, त्यास प्रथम विचारावे : तपासणी झाली का? रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी आणि ग्रहणीच्या अंतस्त्वचेचा सूक्ष्मदर्शकीय तुकडातपास, या दोन्ही गोष्टी रुग्ण गहू खात असतानाच विश्वसनीय ठरतात. "महिनाभर गहू बंद करून पाहू" असे आपण सहज सांगतो. पण त्या महिन्याने निदान झाकोळते, आणि नंतर खरा रोग असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणून कारण न सापडणारा पांडू, वाढ खुंटलेले बालक, दीर्घकालीन अतिसार किंवा कुटुंबात हा रोग असल्यास आधी तपासणी आणि मग पथ्य, हा क्रम आपण मोडू नये. उत्तर भारतात झालेल्या पाहणीत सुमारे शंभरात एक व्यक्ती या रोगाची आढळली आहे. दक्षिणेकडे हे प्रमाण कमी दिसते. महाराष्ट्रात ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ हे आपले जुने अन्न असले तरी आज घरोघरी दोन्ही वेळा पोळी आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता ग्रीष्माचा विचार करू. ऋतुचर्येत ग्रीष्मासाठी मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध अन्नपान सांगितले आहे. आदानकालाचा हा शेवट. शरीरबल क्षीण होते आणि वाताचा संचय सुरू होतो. या ऋतूत मंथाचे महत्त्व मोठे. परंतु मंथासाठी जो सातू घेतात तो परंपरेने यवाचा, आणि आपल्याकडील घरगुती सातूच्या पिठात गहूही असतो. यवातही ग्लूटेनवर्गीय प्रथिन आहे. म्हणजे ग्रीष्मातील आपले सर्वांत परिचित तर्पण या रुग्णास चालत नाही. त्याच्या ताटातून शिरा गेला, शेवयांची खीर गेली, पुरणपोळी गेली आणि सातूही गेला. सणाच्या दिवशी बाजूला बसविलेल्या बालकास "तुला हे नको" एवढेच सांगून आपले कर्तव्य संपत नाही. अपथ्य सांगणाऱ्याने पथ्यही सांगावे, आणि ते चविष्ट असावे. नाहीतर बालक चोरून बिस्किट खाणार, हे ठरलेले.

भाजलेल्या फळाची कल्पना आपणांस परकी नाही. कैरी निखाऱ्यात भाजून पन्हे करणे, रताळी व फणसाच्या आठळ्या भाजणे हे घरोघरचे आहे. कोवळे बेलफळ भाजून त्याचा गर गुळाबरोबर देणे वैद्यांना ठाऊक आहे. दाडिमाचा पुटपाक तर शार्ङ्गधरसंहितेत अतिसारासाठी सांगितलेलाच आहे. येथे एक सावधगिरी. त्याच ग्रंथातील कुटज पुटपाकात जांभळीच्या पानांचे वेष्टन झाल्यावर गव्हाच्या पिठाचा लेप आणि त्यावर चिखलाचा लेप सांगितला आहे. अतिसाराच्या ज्या रुग्णासाठी हा कल्प योजावयाचा, तोच सीलिअॅकचा असू शकतो. अशा वेळी गव्हाऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे.

आमच्या मते ग्रीष्मात या रुग्णासाठी भाजण्यास सर्वोत्तम फळ राजेळी केळे. वसईकडे याच केळ्यांची सुकेळी करतात, आणि कोकणात ते तुपात परतून खाण्याची रीत आहे. पिकलेले केळे मधुर, शीत, स्निग्ध, बृंहण, परंतु गुरू व कफकर; कच्चे असता विष्टंभी. राजेळी पिकल्यावरही घट्ट राहते व त्यात पिष्टांश बराच असतो. उष्णतेने तो फुलतो आणि पचनास सुलभ होतो. म्हणजे येथे करण सार्थ होते.

चार व्यक्तींसाठी प्रमाण असे : पूर्ण पिकलेली मोठी राजेळी केळी २, गाईचे तूप २ चहाचे चमचे, कुटलेली खडीसाखर २ चहाचे चमचे, वेलदोडे ३, साळीच्या लाह्या १ वाटी, दोन तास भिजविलेल्या काळ्या मनुका २५ ते ३०, डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी. केळी सालीसकट धुवून, पुसून, प्रत्येकीस लांबीच्या बाजूने एक चीर द्यावी. मंद निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर लोखंडी जाळी ठेवून ८ ते १० मिनिटे फिरवीत भाजावे. साल काळी पडेल, आतील गर सोनेरी व मऊ होईल, चिरेतून रस उकळू लागेल, तेथेच थांबावे. गर जळू देऊ नये. साल काढून केळ्याचे जाड काप करावेत, तूप सोडावे, खडीसाखर व वेलदोड्याची पूड भुरभुरावी आणि पदार्थ कोमट होऊ द्यावा. वाढतेवेळी लाह्या हाताने जाडसर चुरून वर घालाव्यात, मग मनुका व डाळिंब. लाह्या आधी घातल्यास मऊ पडतात. परदेशी पाककृतींत बिस्किटाचा चुरा घालतात. त्याची जागा येथे लाह्या घेतात. लाह्या लघू, शीत आणि तृष्णाशामक असल्याने केळ्याच्या गुरुत्वास त्या आवर घालतात. वेलदोडा पाचनास साहाय्य करतो.

या पदार्थात तीन गोष्टी आम्ही हेतुपुरस्सर वगळल्या आहेत. पहिली मध. मध तापवू नये, उष्ण पदार्थात घालू नये, हा निषेध चरकसंहितेत निःसंदिग्ध आहे. जाळीवरील फळास मध माखण्याची पद्धत त्याच्या थेट विरुद्ध जाते. ज्यांस मधच हवा त्यांनी फळ पूर्ण गार झाल्यावर घ्यावा. दुसरी गोष्ट दूध, साय व आइस्क्रीम. केळे आणि दूध यांचा संयोग विरुद्ध म्हणून चरक व सुश्रुत दोघांनीही सांगितला आहे. महाराष्ट्रात शिकरण प्रिय आहे हे आम्ही जाणतो, आणि निरोगी, सात्म्य झालेल्या मनुष्याशी आमचा वाद नाही. परंतु सीलिअॅकच्या नवीन रुग्णात अंतस्त्वचा झिजल्यामुळे दुधातील शर्करा पचविणारे पाचकद्रव्यही कमी पडते, आणि दूध घेताच अतिसार वाढतो. येथे आपले शास्त्र आणि आधुनिक शरीरक्रियाविज्ञान एकच सल्ला देतात. अंतस्त्वचा भरून आल्यावर दूध बहुधा पुन्हा सोसते. ते स्वतंत्रपणे द्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे तप्त फळावर हिमशीत गोळा. उष्ण व शीत यांचा असा एकत्र मारा निरोगी अग्नीसही मानवत नाही.

राशी व उपयोगसंस्था याही सांगितल्या पाहिजेत. एका व्यक्तीस अर्धे केळे पुरे. भूक असता, भोजनाच्या आरंभी किंवा तिसऱ्या प्रहरी द्यावे. पोटभर जेवणावर वर टाकू नये. मधुमेही, स्थूल, कास-प्रतिश्यायाने पीडित आणि आमयुक्त रुग्णास देऊ नये. वृक्कविकारात ज्यांस पोटॅशियमवर निर्बंध आहे त्यांनाही केळे वर्ज्य.

सर्वांत अधिक दक्षता हवी ती स्वयंपाकघरात आणि आपल्या औषधीकपाटात. पोळ्यांच्या तव्यावर हे केळे भाजू नये. तवा, जाळी व सुरी वेगळी ठेवावी. वेलदोडे ज्या यंत्रात कुटावयाचे त्यात आदल्या दिवशी गव्हाचे पीठ असता कामा नये. भट्टीतील लाह्या घेताना विचारावे, कारण एकाच कढईत व त्याच वाळूत गहूही भाजला जातो. शक्यतो लाह्या घरीच कराव्यात. बाजारातील बंद डब्यावर "ग्लूटेनमुक्त" असे छापण्यासाठी भारतात प्रतिकिलो २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, यावरून किती सूक्ष्म मात्रेचा हा प्रश्न आहे ते दिसते. आणि हिंग! बाजारातील मिश्र हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ वा मैदा असतो. या रुग्णाचे पोट फुगले म्हणून आपण हिंग्वष्टक चूर्ण द्यावे आणि त्यातूनच त्यास रोज गहू पोचावा, याहून मोठी विसंगती कोणती? वटीतील बंधनद्रव्य कोणत्या धान्याच्या पिष्टाचे आहे, हेही निर्मात्यास लेखी विचारावे.

आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे की, या ग्रीष्मात तीन गोष्टी कराव्यात. गहू सोडलेल्या प्रत्येक रुग्णास निदान कोणी व कोणत्या तपासणीने केले हे विचारून नोंदवावे. ज्याचे निदान सिद्ध आहे त्यास गव्हाच्या कणाचीही सवलत देऊ नये, आणि त्याच्या प्रत्येक कल्पातील हिंग व पिष्ट तपासावे. ज्याचे निदान झालेले नाही त्यास तपासणीस पाठवावे. त्याच्या भयाला खतपाणी घालू नये. आपल्या संघटनेच्या शाखांनीही पथ्यपाककृतींचे एक लहानसे पुस्तक, प्रमाणांसह व निषेधांसह, सिद्ध करावे. औषधाची मात्रा आपण गुंजेत व माशात मोजून सांगतो. पथ्य मात्र "हलके खा" या दोन शब्दांवर सोडून देतो. ज्या रोगात पथ्य हेच औषध आहे, तेथे पथ्याचीही मात्रा, कल्पना आणि अनुपान लिहून दिले पाहिजे. भाजलेल्या केळ्याची ही पाककृती त्या पुस्तकाचे पहिले पान व्हावी, आणि पुढील पाने ठिकठिकाणच्या वैद्यांनी आपापल्या प्रांतातील फळे व भरड धान्ये घेऊन भरावीत.